समोरच्याने भरलेली कॅसेट आणि माझी इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, कॅसेट आणि सीडीच्या दुकानाची एके काळची मालकीण, पदवीधर, वय वर्षे एकोणऐंशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देण्याआधी डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. ते मधेच पुरे म्हणाले, पण मी दोनपर्यंत जाऊनच थांबले. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. ज्यांनी आजवर प्रयत्न केला त्यांना विचारावे.

माझे वारस दोन. पहिली माझी भाची. ती चार वर्षांची असताना माझी धाकटी बहीण गेली, तेव्हापासून ती आमच्याकडे वाढली. पेन्सिल घेतली तरी पावती मागते, म्हणून घरात तिला पावती म्हणतात. दुसरा माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. हा संगणकांची कामे करतो, मागच्या खोलीत राहतो आणि जगातली सगळी गाणी फुकट उतरवून घेतो, म्हणून त्याला फुकट्या म्हणतात. दोन्ही नावे मीच ठेवली आहेत. कागदावरची नावे वकीलबाईंनी मागच्या पानावर लिहिली आहेत.

कलम १. राहते घर दोघांना निम्मे-निम्मे. खालच्या गाळ्यात आमचे दुकान होते, तिथे आता मोबाइलची कव्हरे विकली जातात. ते भाडेही निम्मे-निम्मे. घरात भिंत घालू नये. मी मोजपट्टी लावून पाहिली आहे. भिंत कुठूनही घातली तरी मोरी एकाच बाजूला जाते, आणि मग भांडण भिंतीचे न राहता मोरीचे होते.

कलम २. महिन्याच्या वर्गणीची गाणी. पावतीने माझ्या फोनवर हे खाते उघडून दिले. मी वर्गणी कधी चुकवली नाही. सकाळची गाणी, कपड्यांच्या घड्या घालतानाची गाणी, राग आल्यावरची गाणी, अशा याद्या मी मेहनतीने केल्या आणि त्या पावतीला द्याव्यात असा माझा विचार होता. वकीलबाईंनी त्या कंपनीच्या अटी वाचल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, ही गाणी तुमची नाहीत. तुम्हाला ऐकायची परवानगी आहे, आणि ती तुमच्याबरोबर जाते."

"कुठे जाते? वर चालते का?"

हे त्यांनी लिहून घेतले नाही. फुकट्या दारात उभा होता. तो म्हणाला, "काकू, माझी हार्ड डिस्क मात्र मृत्युपत्रात बसते हां. उचलायची आणि द्यायची." त्याला चहा टाकायला पाठवले.

थोडक्यात, इमानाने पैसे भरून घेतलेले मला मागे ठेवता येत नाही. या कलमाखाली कोणालाही काही मिळत नाही. तरी कलम राहू द्यावे, कारण रागाची कुठेतरी नोंद हवी.

कलम ३. फुकट्याचा उद्योग. याला टॉरेंट म्हणतात. गाणे एका जागेवरून येत नाही. ज्यांच्या ज्यांच्याकडे ते आहे त्यांच्या संगणकांवरून थोडे थोडे येते, आणि आपल्याला मिळाले की आपणही पुढच्याला देत राहायचे. देणारा शेवटचा संगणक बंद झाला की ते गाणे तिथे संपले. फुकट्या म्हणतो, "चोरी कसली, काकू? विरजण आहे ते. शेजारी चमचाभर दिलं तर आपलं दही कमी होतं का?"

मी त्याला सांगितले की विरजण मागून नेतात, खिडकीतून हात घालून नेत नाहीत. शिवाय दूध ज्याच्या त्याने आपले आणायचे असते.

"आवडलं तर मी विकत घेतो."

"काय काय आवडलं ते दाखव."

त्याने एक टी-शर्ट दाखवला.

कलम ४. समोरचा. आमच्या दुकानाच्या समोर ज्याचे दुकान होते तो. याला मी काहीही ठेवत नाही. का ते लिहून ठेवते. आम्ही अस्सल माल विकायचो. हा आमच्याकडून एक कॅसेट विकत न्यायचा आणि तिच्यावरून कोऱ्या कॅसेटी भरून आमच्या निम्म्या भावात गावभर द्यायचा. आमचे हे म्हणायचे, "अगं, नेमाचं गिऱ्हाईक आहे ते." ह्यांना माणसांतले चांगले तेवढेच दिसायचे, त्यामुळे हिशेब मी पाहायचे.

वर याची ऐट अशी की प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला हा स्वतःच्या आवाजात निवेदन भरायचा. नाकातून बोलायचा: "नमस्कार. ही कॅसेट खास तुमच्यासाठी भरली आहे. हेड साफ ठेवा. पुन्हा या." हेड साफ ठेवा असे जगाला सांगणाऱ्या या माणसाने स्वतःच्या मशीनचे हेड, म्हणजे टेप जिच्यावरून घासत जाते ती पट्टी, कधी पुसल्याचे मी पाहिले नाही. मी त्याच्याशी एकोणीस वर्षे बोलले नाही. नंतर दोघांचीही दुकाने बंद पडली, आणि न बोलण्यात मजा राहिली नाही.

कलम ५. माझी बहीण गायची. चांगली गायची, हे बहीण म्हणून लिहीत नाही, कॅसेट विकणारी म्हणून लिहिते. तिची एकच कॅसेट निघाली. कंपनीने मानधन म्हणून तिला तिच्याच कॅसेटींचा एक खोका दिला आणि वर्षभरात कंपनीच बंद पडली. खोका नातेवाइकांत वाटला गेला. पुढे त्यांनी त्याच कॅसेटींवर लग्नातली भाषणे आणि मुलांच्या कविता भरल्या.

मी मात्र खोक्यातली घेतली नाही. आमच्याच दुकानातली एक उचलली, गल्ल्यात पैसे टाकले आणि पावती फाडली. आमचे हे हसले. "डाव्या खिशातून काढून उजव्या खिशात घालतेस."

"खिसे वेगळे असतात म्हणूनच दोन शिवतात."

त्या कॅसेटला आता बुरशी लागली आहे आणि टेपचा गुंता झाला आहे. पेन्सिल घालून फिरवण्याच्या पलीकडे गेली. दुसरी कुठे विकत मिळते का, हे पावतीने तीन वर्षे शोधले. मिळत नाही.

कलम ६. हे मृत्युपत्र ज्यामुळे लिहावे लागले ती हकिकत. मागच्या उन्हाळ्यात एके दुपारी फुकट्या संगणक उचलून पुढच्या खोलीत घेऊन आला. "काकू, बस. तूही बस गं." मी आणि पावती बसलो. त्याने काहीतरी दाबले आणि खोलीत नाकातला आवाज आला: "नमस्कार. ही कॅसेट खास तुमच्यासाठी भरली आहे."

समोरच्याने भरलेली बहिणीची कॅसेट परदेशी गेलेल्या कोणाच्या तरी सामानातून गेली होती. त्यांच्या मुलांनी ती संगणकावर घेतली आणि इतरांसाठी ठेवून दिली. फुकट्याने घेतली तेव्हा देणारा एकच संगणक होता, आणि तोही आठवडाभरात बंद झाला. आता जगात ती देणारा फुकट्याचाच संगणक उरला आहे.

माझी बहीण पहिली ओळ गायली. दुसरी सुरू होण्याआधी पावती उठली आणि तिने आवाज बंद केला.

"मावशी, हे चोरीचं आहे."

"अगं, तुझ्या आईचा आवाज आहे."

"म्हणूनच. बाकी कोणाचं असतं तर एक वेळ चाललं असतं. कोणाला पैसे द्यायचे ते सांग. देते, मग ऐकते."

"ती कंपनी मेली गं," फुकट्या म्हणाला. "मेलेल्या कंपनीला पैसे कसे देणार?"

"मग मी ऐकणार कशी? दुकानात एक गाणं फुकट ऐकलं म्हणून लहानपणी मला गल्ल्यात पैसे टाकायला लावले होते. विचार मावशीला."

विचारायची गरज नव्हती. तेव्हा मी बरोबर होते आणि अजूनही तेच म्हणते. पण मला त्या वेळी उत्तर सुचले नाही, आणि असे माझे सहसा होत नाही. चार वर्षांच्या मुलीला आईचा आवाज आठवत नाही. वर्ष झाले, तिने पहिल्या ओळीपुढे ऐकलेले नाही, आणि ती कधी विचारतही नाही. म्हणून उत्तर येथे लेखी देते.

कलम ७. माझ्या कपाटातली बहिणीची ती अस्सल कॅसेट, गुंता आणि बुरशीसकट, तिची डबी, आतले गाण्यांचे कव्हर आणि आमच्या दुकानाची पावती, हे सर्व भाचीला. पावतीवरची सही माझी आहे. घेणारी मी, विकणारीही मी, आणि पूर्ण किंमत दिलेली आहे. टेप कुजली, ती गाणी ऐकायचा जो हक्क मी विकत घेतला होता तो कुजलेला नाही, आणि तो मी आता तुला देत आहे. वारशाने आलेल्या वस्तूला कोणी चोरीची म्हणत नाही. आणखी एक. समोरच्याने कॅसेटी ज्या एका कॅसेटवरून भरल्या, तीही आमच्याच दुकानातून गेली होती. तीही मीच विकली आणि तिचीही पावती मीच फाडली.

हे कायद्यात किती बसते असे वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "तुम्ही मला विचारलं नाही असं समजते."

कलम ८. मागच्या खोलीतला संगणक चालू राहावा. फुकट्या दुसरीकडे राहायला गेला तरी ही एक वस्तू देणे थांबवू नये, आणि त्याचे विजेचे बिल माझ्या ठेवींच्या व्याजातून जावे. आणखी कोणी ती उतरवून घेतली आणि देऊ लागले, तरी आपला बंद करू नये. लोकांचा भरवसा नसतो. खोका वाटला तेव्हा पाहिले.

हे मी टॉरेंटच्या बाजूने लिहिते आहे असा फुकट्याने अर्थ काढू नये. त्याच्यासाठी अट पुढीलप्रमाणे: ज्याचे गाणे विकत मिळते आणि गाणारा हयात आहे, त्याचे फुकट घ्यायचे नाही. विकत घ्यायचे आणि पावती पावतीला दाखवायची. टी-शर्ट धरला जाणार नाही. जे कुठेच विकत मिळत नाही, ज्याची कंपनी बुडाली आणि टेपा कुजल्या, तिथे मला दिसले नाही असे समजावे. माझी दृष्टी तशीही अधू आहे, दाखल्यात तसे लिहिले आहे.

कलम ९. ठेवींची मूळ रक्कम मोडताना आधी एक हिस्सा व्हायोलिनवाल्यांना द्यावा. बहिणीच्या कॅसेटवर यांनी साथ केली होती. आज त्या सगळ्यांपैकी हेच एक हयात आहेत. कंपनीने त्यांना चेक देतो म्हणून सांगितले, तो अजून देते आहे. हा हिस्सा कोणत्याही ॲपमधून पाठवू नये, पोचेपर्यंत त्यातले किती उरते ते माहीत आहे. पावतीने स्वतः जाऊन हातात द्यावा. त्यांच्याकडून पावती मागू नये. एवढे एकदा तिने मनावर घ्यावे. कलम ८ मधल्या विजेच्या बिलापुरती ठेव मोडू नये, उरलेली रक्कम दोघांत सारखी.

कलम १०. किरकोळ. आमच्या ह्यांचे बारीक पेचकस आणि टेप फिरवायची सहा कोनांची पेन्सिल फुकट्याला. पेन्सिल त्याला चालते का ते पाहावे. तिच्यात काही उतरवून घेता येत नाही. माझी आरामखुर्ची ज्याला आधी बसता येईल त्याची.

कलम ११. मी गेल्यावर भाषणे नकोत. सगळी मंडळी गेली की दोघांनी पुढच्या खोलीत बसावे, कलम ७ मधली डबी समोर ठेवावी आणि ती कॅसेट संगणकावर सुरुवातीपासून लावावी. फुकट्या मला एकदा हळूच म्हणाला होता, "काकू, पुढचं ते बोलणं कापून देऊ का? तिला वाटेल, अस्सलच मिळाली." कापू नये. शिक्के चोर खरवडतात. आपल्या घरात शिक्का असेल तसा राहतो.

तेव्हा, बाळ, आधी समोरचा बोलेल. त्याला बोलू दे. मी एकोणीस वर्षे बोलू दिले नव्हते. तो पुन्हा या म्हणेल, टेप थोडी खरखरेल, आणि मग तुझी आई श्वास घेईल. तो श्वासही त्या किमतीत आलेला आहे. उठू नकोस.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि त्यात बदल करायची माझी इच्छा नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायचे ठरवले नव्हते.

सही: (मावशी ऊर्फ काकू)

स्थळ: पुढची खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: दोन ऑगस्ट, शुक्रवार

साक्षीदार पहिले: डॉक्टर. सही केली. वजाबाकीबद्दल काही म्हणाले नाहीत.

साक्षीदार दुसरे: समोरचा. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असे वकीलबाई म्हणतात. त्याला बोलावण्याचे तेवढेच कारण. कलम ४ मी होऊन त्याला वाचून दाखवले, कलम ५ ते ११ त्याच्याच आग्रहावरून. त्यानंतर त्याने बराच वेळ चष्मा पुसला आणि सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिले: "मजकूर ऐकला. हेड मी रोज पुसत होतो. कलम ४ दुरुस्त करावे."

दुरुस्ती नामंजूर. चहा दिला.