कुंकू लावलेला डबा

मलकापूर, मंगळवार, संध्याकाळ

आमच्या महिला केंद्रात आज एक नवरा लोखंडी पाइप घेऊन घुसला. पळून आलेली बायको कुठं ठेवली, एवढंच त्याला हवं होतं. टेबलावर संगणकाचा डबा, त्यावर दसऱ्याच्या पूजेचं कुंकू तसंच. पत्ता त्यातच असणार म्हणून त्यानं तोच हेरला.

स्वयंपाकाच्या शांतामावशींनी डब्याला मिठी मारली.

"सरक वं बुढे!"

"नाही सरकत बे! पोरींचे पत्ते हायेत त्याच्यात. पयले मले मार."

त्यानं मारलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. डबा घेऊन पळाला, तर चौकात लोकांनी त्याला पाडून तुडवलं. तोंडातून रक्त येईपर्यंत. मला बरं वाटलं. मला?

आणि डब्यात पत्ते नव्हतेच! पत्त्यांचा डेटाबेस तयार करताना फाइली कुठं ठेवायच्या असं संगणकानं विचारलं, तेव्हा मी मुद्दाम मागच्या खोलीतल्या जुन्या संगणकावरची जागा निवडली. कुणालाही सांगितलं नाही. घरातली पहिली पदवीधर ना मी, मोठी हुशार! मावशींना एवढं सांगितलं असतं, तर त्या बाजूला झाल्या असत्या.

दवाखान्यात त्यांनी विचारलं, "वाचले काय वं पत्ते?"

"वाचले, मावशी. तुमच्यामुळंच."

"मंग झालं," म्हणाल्या आणि हसल्या.

मोडलेल्या हाताच्या नखांत डब्याचं कुंकू होतं. ते बघून खरं सांगवेना. उद्या सांगेन. त्या पुन्हा कशाला तरी मिठी मारायच्या आत सांगायलाच हवं.