सॉफ्टवेअरला ऊस कळत नाही

७ जुलै
मुख्याध्यापिका एस्तेर मॅडमनी जाहीर केलं की बीजगणिताची शाब्दिक उदाहरणं आता सॉफ्टवेअर शिकवणार. आधी गणिताच्या शिक्षकांनी सोडवायची. आठवड्यात ज्याची नववीची लेव्हल पूर्ण, दहावीचा वर्ग त्याला. म्हणजे मलाच. सव्वीस वर्षं माझाच आहे. महेंद्र सर नवीन, बिचारे.
विद्यार्थी म्हणून नोंदणी केली. शत्रूच्या गोटात वेष बदलूनच जावं. पालकाचा मोबाईल नंबर मागितला, बायकोचा, ग्रेसचा टाकला.
संकल्प: चार दिवसांत उरकणे.

८ जुलै, दु. ४
पहिलंच उदाहरण. बैलगाडी ताशी चार किलोमीटर, तीन तासांनी मागून ट्रॅक्टर ताशी वीस. कधी गाठेल? इतकं लांबलचक कोण वाचतो, एका ओळीत कळतं. लिहिलं: गाठून उपयोग नाही, ऊस घेऊन साखर फॅक्टरीच्या गेटवर दोघंही रांगेतच. सॉफ्टवेअर म्हणतं, आधी x म्हणजे काय ते लिहा.
कोपरगावात येऊन बघ म्हणावं.

९ जुलै
बापाचं वय मुलाच्या तिप्पट, दहा वर्षांनी दुप्पट. चोवीस आणि आठ टाकलं. चूक म्हणे. शाळेच्या दाखल्यावर निम्म्या गावाचा जन्म एक जूनचा, त्यात नेमकं वय कुठून आणायचं?

११ जुलै
अजून पहिल्याच लेव्हलवर. खाली ‘मदत’ असं बटण आहे. महेंद्र सर म्हणे ते दाबून दाबून पुढे गेले. मी हात लावला नाही. स्वाभिमान म्हणून काही असतं. मुलांना मी आजवर शाब्दिक उदाहरणं ऑप्शनला टाकायला सांगितली ती वेळ वाचावा म्हणून, येत नाहीत म्हणून नव्हे.

१३ जुलै, रविवार
चर्चमध्ये ऐन प्रवचनात ग्रेसचा मोबाईल वाजला. वाचून तोंडाला रुमाल लावला. विचारलं तर काही न्हाई म्हणाली.

१४ जुलै
ऑफिसात बोलावलं. एस्तेर मॅडमसमोर ग्रेस बसलेली. सॉफ्टवेअरचा मेसेज गेला होता: आपला पाल्य मदत मागत नाही, सहावीपासून सुरुवात करावी, पालकांनी शाळेत भेटावे. ती आपली भेटायला आली.
मॅडमनी गंभीरपणे विचारलं, घरी कसे असतात?
“घरीबी मागत न्हाईत,” ग्रेस म्हणाली.
दहावी महेंद्र सरांना. मला पाचवी. वाईट वाटलं, फार वाटलं.
शाळा सुटल्यावर कॉम्प्युटर रूममध्ये कोणी नाही असं बघून ‘मदत’ दाबलं. शाबास म्हणालं. मग म्हणालं, उदाहरण पुन्हा शेवटपर्यंत वाचा.
वाचलं. बैलगाडी बाजाराला चालली होती. गाडीत ऊस नव्हताच. कांदे होते.