मंगळवारी आलेली बोट

१४ मार्च, गुरुवार

"अपामच्या मासे भाजणाऱ्या बायांनो, महिना झाला, आपल्या भट्ट्या थंड आहेत!" – भाषणाची सुरुवात अशीच करायची. पुढचं लिहवत नाही. पेन कागद फाडतंय!

जोजोची होडी गस्तवाल्यांनी धरून नेली, त्याला आज महिना. माझा सख्खा धाकटा भाऊ! गुन्हा काय, तर जाळ्याची भोकं लहान. आणि डच ट्रॉलर घानाच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पिल्लांसकट समुद्र खरवडतात, त्यांना सलाम! कारण करार झालाय. त्यांना मासे, आपल्याला गस्तीची बोट. म्हणजे आपलीच मासळी देऊन आपल्यालाच पकडणारी बोट घ्यायची!

१६ मार्च, शनिवार

जिल्ह्याचे अधिकारी डॅडझीसाहेब आले होते. ती बोट मंगळवारी येणार. डच राजदूतही. मी विचारलं, मंगळवारच का?

"अहो बाई, त्या दिवशी तुमचे कोळी घरी असतात. टाळ्यांना आयती माणसं!"

हसत होता! मंगळवार समुद्राच्या विश्रांतीचा. कुणी पाण्यात होडी घालत नाही. घातली तर कोळ्यांचे प्रमुख ती जप्त करतात, मग ती कुणाची का असेना. ट्रॉलरवाल्यांना हे पक्कं ठाऊक. मंगळवारीच ते सगळ्यांत जवळ येतात.

१७ मार्च

मक्याच्या पिठाचं केंके बाजूला सारलं आणि मंगळवारी धक्क्यावर करायचं भाषण पुरं केलं.

१८ मार्च, सोमवार

प्रमुखांकडे गेले. नाना एजीर. बोटीवर दारू शिंपडून पूर्वजांना हाक तेच घालणार.

"नाना, नाही म्हणा."

"पोरी, मास्तरीणगिरी शाळेत कर. आलेल्या पाहुण्याला हाकलू?"

"मग जोजोला काय सांगू?"

"सांग, उद्या चांगला सदरा घाल."

म्हातारा विकला गेला! टेकडीवरचा, गुलामांच्या व्यापारातला डचांचा किल्ला रोज बघतो, तरी अक्कल नाही!

१९ मार्च, मंगळवार

बोट धक्क्याला बांधली. नानांनी बाटली उघडलीच नाही. म्हणाले, "आज मंगळवार. तुम्ही पाण्यातून आलात. बोट जप्त!"

डॅडझीसाहेब धावत पुढे आले. "नाना, ही सरकारी आहे हो!"

"आणि जोजोची काय चोरीची होती? ती आणा, ही न्या."

राजदूत टाळ्या वाजवत होता – त्याला वाटलं, हाच विधी!

माझं भाषण राहिलं. एवढंच ओरडले: "बायांनो, जोजोची होडी येईपर्यंत या बोटीच्या दोरावर बसा!"