बिनमुक्कामाच्या इंजिनाबाबत

मी, गोकुळ रामकिसन शेजूळ, वय ५२, धंदा वर्तमानपत्रातून लोकांना टोचणे, राहणार चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. बायकोचा दबाव आहे, पण तो लग्नापासूनचा असल्यानं त्याला वहिवाट म्हणावं. दारूचा थेंब न घेता माझं यकृत गेलं. डॉक्टर दिवाळीबद्दल बोलायचं टाळू लागले, तेव्हा मी समजलो.

१. राहता फ्लॅट, बँकेतली ठेव आणि स्कूटर पत्नी करुणा हिला. गावाकडच्या जमिनीतला माझा हिस्सा थोरले बंधू नानासाहेब यांना. तो त्यांनी केव्हाच नांगरून घेतला आहे. मी फक्त कागद मागून पाठवतो आहे.

२. माझ्या संपादकांना काही नाही. माझ्या लेखांतून त्यांनी कापलेली वाक्यं त्यांच्याकडंच आहेत, ती पुरावीत.

३. आता खरी मालमत्ता. वकीलसाहेब म्हणाले, "शेजूळ, जे अस्तित्वातच नाही त्याची वाटणी कशी करणार?" मी म्हणालो, "आपल्याकडं त्याचीच जास्त होते." ही मालमत्ता म्हणजे 'दूरदेश', आम्ही काही जणांनी वर्षानुवर्षं मिळून रचलेला अवकाशाचा खेळ. प्रत्येकाचं एक राज्य, एक ताफा. दर रविवारी आमच्या हॉलमध्ये बसायचं आणि कोण कुठं पोहोचलं, कोणाशी बिनसलं, ते ज्यानं त्यानं आपल्या लोकांच्या तोंडून बोलायचं. पंच मी. प्रकाशाला मागं टाकणारं इंजिन सगळ्यांकडं होतं, पण नियम माझा होता: जेवढी लांब उडी, तेवढा लांब मुक्काम. इंजिन निवेपर्यंत दुसऱ्याच्या ग्रहावर थांबायचं, त्याचं खायचं, त्याच्याशी भांडायचं, जमलंच तर सोयरीक करायची. सगळा खेळ त्या मुक्कामात होता.

४. इंद्रजीत दांडगे यास काही नाही. घरची जमीन, वर प्लॉटिंगचा धंदा. थांबायची सवय नाही. त्यानं खेळात न तापणारं, म्हणजे मुक्कामच न लागणारं इंजिन आणलं. मी हरकत घेतली तर म्हणाला, "काका, तुमचा नियम म्हंजे आपल्या नळाची पाळी. इथं पाण्याची वाट बघायची, आन तिथंबी बघायची व्हय?" सगळे हसले. मीही हसलो, वाक्य चांगलं होतं.

मी म्हणालो, इंजिन परत घे. तर तनुजा, जिच्याकडं सगळ्यांत हुशार राज्य होतं, मध्ये पडली. "त्याचं कशाला काढता काका? आम्हालाबी तसलंच द्या. झालं की समान."

हा भावकीचा न्याय. एका भावानं बोअर घेतला की दुसरा बांधाला लागून त्याहून खोल घेतो आणि खालचं पाणी संपेपर्यंत त्याला सारे समानता म्हणतात. मतदान झालं. पंचाला मत नाही, हा नियमही माझाच.

तेव्हापासून कोणीही कुठंही क्षणात. कोणाला कोणाच्या दारात थांबायची गरज उरली नाही, त्यामुळं भांडायलाही कोणी भेटेना. रविवारी माणसं येईनाशी झाली. करुणानं जास्तीचे कप माळ्यावर टाकले. ग्रुपवर आता शुभ सकाळ तेवढी येते.

५. एकट्या ज्ञानेश्वरीनं नवं इंजिन घेतलं नाही. ती बँकेत आहे. तिचे आजोबा मेंढरं घेऊन हिंडले. खेळातला तिचा ताफाही मेंढरांचाच, सर्वांत संथ. ती कॉलेजात असल्यापासून तो ओलवण नावाच्या ग्रहाकडं निघाला आहे, कारण तिथं कुरण आहे असं मीच एकदा सांगितलं होतं. परवा इंद्रजीतनं ग्रुपवर टाकलं: ओलवणावर उतरलो, प्लॉट पाडले, कंपाउंड टाकलं.

तिचा फोन आला. "काका, आता माझी मेंढरं कुठं उतरवू?"

"इंद्रजीतशी बोललीस?"

"बोलले. म्हनला, ये की बिनधास्त, तुला कोपऱ्याचा प्लॉट ठिवलाय."

त्याच्या मनात खोट नाही. असती तर भांडता आलं असतं.

६. पंचपद मी ज्ञानेश्वरीला देऊ केलं. "नको काका. मी पंच झाले तर ताफा कोन चालवील?" म्हणजे ते बहुमतानं इंद्रजीतकडं जाईल. माझी त्याला मनाई नाही. माझी मनाई कोण विचारतो.

७. मरेपर्यंत पंच मी आहे, म्हणून शेवटचा निवाडा माझा. ओलवणाचं कंपाउंड मी पाडू शकतो. तेराव्याच्या आत पुन्हा उभं राहील. नवं कुरण देऊ शकतो. सकाळी तिथंही प्लॉट असतील. ताफा आजच्या आज पोहोचवू शकतो. तिला विचारलं. म्हणाली, "न चालता पोचले तर मग मीबी त्यांच्यातलीच की." जिथं थांबावंच लागत नाही तिथं दूर काही उरत नाही, मग दूरचं कुरण मी कुठून आणू? तिच्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठीच खरं तर मृत्युपत्र लिहायला घेतलं होतं. सुचलं नाही. म्हणून निवाडा एवढाच: ताफा वाटेत आहे. तो पोहोचला असं कोणी जाहीर करू नये, आणि पुढं काय आहे ते मेंढरांना कोणी सांगू नये.

हे मी वाचून, समजून, साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली. ज्यांच्या वाट्याला काही नाही असे साक्षीदार आणा, असं वकीलसाहेबांनी सांगितलं होतं.

सही: गोकुळ रामकिसन शेजूळ
साक्षीदार: १. विश्वजीत गायके, शेजारी
२. इंद्रजीत दांडगे (वाचायला थांबला नाही, सही करून गेला)

ठिकाण: चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५, रविवार