मालनच्या डोक्याचा रंग

कोल्हापूर,
गुरुवार, ४ फेब्रुवारी १९७१

प्रिय शालू,

माझं अक्षर बघून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत, तुझी मालनही धडधाकट आहे. पोस्टानं पाठवलं असतं तर पत्र आधी तुझ्या हंबीररावांच्या हातात पडलं असतं, म्हणून माझी नणंद सुगरा उद्या बांगड्या भरायला कोडोलीला येणार आहे तिच्याकडे देते. वीस वर्षं तुझी खबर मला तिच्याच तोंडून कळते. ती तुझ्या हातात देईल. दाराला आतून कडी लावून वाच, आणि वाचून झालं की चुलीत घाल.

तर ऐक. तुझ्या पोरीनं केस पिवळे करून घेतले होते. घेतले होते म्हणजे कुणी करून दिले नाहीत, स्वतःच्या हातानं, होस्टेलच्या गच्चीवर, भर उन्हात बसून केले. गेल्या शनिवारी दुपारी मी भाकरी थापत होते, तर दारात एक पोरगी उभी. पदर डोक्याभोवती इतका आवळलेला, की मला वाटलं डोकं फुटलंय. स्टुडिओच्या फाटकावरच्या केरबानं तिला माझा पत्ता दिला होता. आत आली, बसली नाही, पाणी घेतलं नाही. म्हणाली, बाई, काय बी करा, पण पुढच्या रविवारच्या आत माझे केस काळे करून द्या. मी म्हटलं, आधी दाखव तरी. तिनं पदर काढला आणि शालू, खरं सांगते, माझ्या हातातला पिठाचा गोळा परातीत पडला.

अब्बांच्या हाताखाली केसांचे टोप विणायला बसले तेव्हापासून तीस वर्षं मी केसांत हात घालते आहे. जटा सोडवल्यात, नाटकवाल्यांच्या उवांनी भरलेल्या टोपांना धूप दिलाय, एकदा तर एका नटीच्या केसांत सांडलेला सरस रात्रभर बसून काढलाय. पण असलं डोकं मी पाहिलं नव्हतं. मुळाशी दोन बोटं काळं. त्याखाली चिंचेनं घासलेल्या पितळी घागरीसारखं. आणि त्या पितळेवर जागोजाग हिरवट झाक, रंकाळ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं ना, तशी. शेंडे तर नारळाच्या शेंडीसारखे राठ. मी विचारलं, हे काय केलंस? तर पोरगी रडायच्या ऐवजी मला समजावून सांगायला लागली, जसं काही मीच तिच्या वर्गात बसले आहे.

झालं होतं असं. कुणीतरी मैत्रिणीनं तिला सांगितलं, की इथल्या एका सिनेमात इंग्रज साहेबाच्या मुलीचं काम आहे, चार वाक्यांचं, आणि सोनेरी केसांची मुलगी हवी आहे. तुझी पोर गोरी आहे, इंग्रजी वाचते, तिच्या मनानं घेतलं. औषधाच्या दुकानातून जखम धुवायच्या पेरॉक्साईडच्या तीन बाटल्या आणल्या आणि आठ दिवस कापसानं मुळं सोडून केसांना लावत बसली. मला आधी विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं, की आपले काळे केस असे सोनेरी होत नाहीत. काळा रंग उतरत उतरत पितळेवर येतो आणि तिथं बसतो, पुढं सरकत नाही. पण विचारायचं कुणाला? आठ दिवसांनी तशीच पदर घेऊन स्टुडिओत गेली. तिथल्या मॅनेजरनं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. मुंबईची मुलगी केव्हाच आली होती, डोक्यावर तयार टोप घालून. तोही नायलॉनचा. आजकाल सगळे नायलॉनचेच येतात, म्हणून तर माझे हात रिकामे आहेत.

इथवर ठीक. चूक झाली, गप्प बसायचं. पण मग तिला तुझं पत्र आलं, की बिद्रीच्या कारखान्यात नोकरीला असलेला मुलगा सात तारखेला बघायला येणार आहे, शनिवारीच घरी ये. मग बाईसाहेब घाबरल्या. आणि काय केलं असेल? धुतलेल्या धोतरांचा पिवळेपणा निळीनं जातो हे तिनं तुझ्याच घरात पाहिलेलं. बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवली आणि डोकं बुचकळलं. मला हसावं का तिच्या पाठीत धपाटा घालावा कळेना. बरं, डोकं चालवलं नव्हतं असंही नाही. निळा रंग पिवळ्याला मारतो, हे खरंच आहे. पण पिवळ्याजर्द केसांवर निळा पडला की हिरवा होतो, हे ट्रेनिंग कॉलेजात शिकवत नसावेत. उद्या हीच चाळीस पोरांना शिकवणार आहे.

शेवटी मी नाव-गाव विचारलं. म्हणाली, कोडोलीची, हंबीरराव चौगुल्यांची थोरली. मी तिला दाराशी उजेडात ओढलं. तोवर केसांकडेच बघत होते, मग चेहरा पाहिला. तुझंच नाक, तुझीच हनुवटी, आणि चूक केल्यावर समोरच्यालाच समजावून सांगायची खोडही तुझीच. तिला माझ्याबद्दल काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. तू घरात माझं नावसुद्धा कधी काढलं नव्हतंस. मी तिला एवढंच म्हटलं, की दोन दिवस इथं राहावं लागेल. होस्टेलच्या बाईंना तिनं मावशीकडे जाते म्हणून चिठ्ठी दिली.

आता तू म्हणशील, काळा रंग फासायचा आणि सोडायचं, त्याला दोन दिवस कशाला? मालननंही तेच म्हटलं. घाईची जातच आहे तुमची. अगं, केसांतला मूळ रंग निघून गेलेला. अशा पोकळ केसांवर थेट काळं चढवलं तर ते बसत नाही, आठ दिवसांत धुऊन जातं आणि खालचं पितळ पुन्हा दात काढतं. आधी त्याला लाल द्यावा लागतो, मग काळा. अब्बा दाढीला तसंच करायचे, आधी मेंदी, नंतर वसमा, म्हणजे निळीच्या झाडाच्या पाल्याची पूड. कपड्यांची नीळ नव्हे. मी शनिवारी तिचं डोकं शिकेकाईनं तीनदा धुतलं, खोबरेल चोळलं आणि शेंडे कापले. हे तुला आधीच सांगून ठेवते: दीड वीत कापले. कमरेखाली जाणारी वेणी आता पाठीच्या मध्यावर येते. तुटलेलं सूत कुणाला सांधता येतं?

रात्री लोखंडी कढईत मेंदी भिजवली, रविवारी सकाळी लावली आणि तीन तास बसवलं. त्या तीन तासांत ती बोलली. मी विचारलं नव्हतं. म्हणाली, शाळेतल्या नाटकात काम केलं तेव्हा आई गावातल्या गावात असून बघायला आली नाही. म्हणाली, गावात तंबूतला सिनेमा आला तर आई आम्हाला घरात कोंडते. आणि मग म्हणाली, आई म्हणते सिनेमात तसल्याच बायका जातात. हे ती माझ्या घरात, माझ्या पाटावर बसून, माझी मेंदी डोक्यावर घेऊन म्हणाली. वाईट हेतूनं नाही. तुझं वाक्य तिनं तुझ्या आवाजात म्हणून दाखवलं. मी गप्प बसले आणि तिच्या मानेवरचा ओघळ पुसत राहिले.

मेंदी धुतली तर केस टोमॅटोसारखे झाले. मग मात्र ती रडली. म्हणाली, तुम्ही तर जास्तच बिघडवलं की वो. मी म्हटलं, बस गप. वसमा कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवला, तो कालवला की लगेच लावावा लागतो, थांबत नाही. पुन्हा दोन तास. धुतला तर काळपट हिरवे. पोरीनं आरसा पालथा घातला, जेवली नाही, भिंतीकडे तोंड करून झोपली. मी सांगत होते, की वसमा हवा लागता लागता पिकतो, उद्या बघ. कोण ऐकतंय! सोमवारी सकाळी मोरीतून तिची हाक आली. मी धावत गेले. ती खिडकीच्या उजेडात वेणी हातात धरून उभी होती. काळी, शालू. उन्हात धरली तर किंचित तांबूस, पण ते लहानपणी उन्हात हिंडलेल्या कुठल्याही पोरीचे केस असतात तितकंच. बिद्रीच्या पावण्यांना काही कळणार नाही. तुला मात्र हात लावल्याबरोबर कळेल, म्हणून लिहिते आहे. महिनाभर तिला साबण लावू देऊ नकोस, आणि मुळं वाढतील तशी दर दोन महिन्यांनी माझ्याकडे पाठव.

निदान एवढ्यासाठी पत्र लिहायचं आहे असं मी स्वतःला गेले तीन दिवस सांगते आहे. पण ते खरं नाही, आणि वर एक खोटं लिहिलंय तेही दुरुस्त करते. ‘तसल्या बायका’ ऐकून मी गप्प बसले नाही. मला फार संताप आला. तिचा नाही, तुझा. तुझे वडील गणपतराव स्टुडिओत सुतारकाम करायचे, आपण दोघी त्यांचा डबा घेऊन जायचो आणि त्यातूनच तू कॅमेऱ्यासमोर गेलीस. दोन वर्षं मी तुझे केस बांधले. तुला बोलायचं काम मिळालं त्या दिवशी सगळा सेट थांबून ऐकत होता. मग लग्न ठरलं, सासरी सांगितलं की मुलगी शिवणाच्या क्लासला जायची, आणि तू माझ्याकडून शपथ घेतलीस. मी पाळली. घर सांभाळायचं होतं तुला, हे मला कळतं. पण लपवणं वेगळं आणि थुंकणं वेगळं. तू पोरीला जे शिकवलंस त्यात मी येते, गेलेले अब्बा येतात, तुझे वडीलही येतात.

म्हणून मी हात धुतले, ट्रंकेतून तुझा तो फोटो काढला, दोन वेण्या आणि हातात कंदील असलेला, आणि तिच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, ही बघ तसली बाई. शपथ मोडली ती अशी, रागाच्या भरात. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ओली मेंदी असताना असलं काही सांगायचं नसतं, एवढी अक्कल मला या वयात असायला हवी होती. तिनं फोटो उचलून उजेडाकडे धरला. मग तिनं विचारलं, “आई काम चांगलं करायची?” मी म्हटलं, व्हय, आम्हा सगळ्यांत चांगलं. त्यावर म्हणाली, “मग मला कधी बोलली कशी न्हाय?” आणि लगेच म्हणाली, आता आईलाच विचारते. परवा संध्याकाळच्या एसटीनं येते आहे. तिच्याआधी तुला कळावं म्हणून सुगराला एक दिवस आधी पाठवते आहे. माझ्यावर रागव, हवं तर पुन्हा वीस वर्षं बोलू नकोस. हंबीररावांना सांगायचं की नाही ते तुझं तू बघ, मालन बापाला सांगणार नाही, तसं ती मला म्हणाली आहे. पण तिला मात्र ‘कुणी सांगितलं, खोटं आहे’ असं म्हणू नकोस. पावणे रविवारी येणार, शनिवारची रात्र तुम्हा दोघींची आहे. ती खूप चिडली आहे, आणि फोटो मागून घेऊन गेली आहे.

तुझीच, तू मान किंवा नको मानू,
मेहमुदा