पिवळा स्वेटर मावशीच्या अंगावर असेल

ताई,

किती दिवसांनी तुला शांत झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. प्रयोगशाळेतलं काम मैत्रिणीवर सोपवून मी थेट कोर्टात येते. दूध ओट्यावर झाकून ठेवलंय, निदान तेवढं पिऊन नीघ.

एक गोष्ट काल सांगायला जीभ रेटली नाही. तुझी साक्ष चालू असताना मला आत बसता येणार नाही. तुझा मोडलेला हात मी पाहिला, म्हणून मीही साक्षीदार आहे, आणि एका साक्षीदाराने दुसऱ्याची साक्ष ऐकायची नसते, असं वकीलबाई म्हणाल्या. मी पुष्कळ हुज्जत घातली. उपयोग झाला नाही.

भावोजींकडे (अजून तोंडात तेच येतं) बघायचं नाही, माझ्या पिवळ्या स्वेटरकडे बघत बोलायचं, असं समुपदेशक बाईंनी तुला शिकवलंय ना? तो स्वेटर आज मावशी घालून बसेल, ठरलेल्या बाकावरच. तिला घट्ट होतो, तरी घालते म्हणाली. मध्येच 'मेल्या' म्हणून ओरडणार नाही, हेही कबूल करून घेतलंय.

तुझा आवाज कापला तर मला कळणार नाही. परवा त्या दाराला कान लावून पाहिला, आतलं काहीच ऐकू येत नाही. तरी मी दाराला लागूनच उभी असेन.

धाकटी