अकरा खटके

९ नोव्हेंबर, रविवार सकाळ

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुझं ट्रेनिंग कसं चाललंय? खोलीतला नळ गळत होता, तो दुरुस्त झाला का? नसेल तर नुसता वॉशर बदलायला सांग, नाहीतर उगाच अख्खा नळ बदलतील. खारूचा गृहपाठ झालाय, नखं कापलीत. वेणी मात्र मला अजून जमत नाही. शाळेत बाई म्हणाल्या, "आज मामाने घातली वाटतं." मी लिफ्ट दुरुस्त करतो, वेण्या नाही, म्हणावं.

परवा फोनवर तू विचारलंस, थीम पार्कला मजा आली का, आणि मी नुसतं "धमाल" म्हणून मोकळा झालो. ते अर्धंच होतं. उरलेलं मला फोनवर बोलवणार नाही. तू रडशील आणि मी पुन्हा थापा मारीन. म्हणून लिहितोय.

आधी चांगलं सांगतो. फाटकापासूनच तुझ्या लेकीने माझं डोकं खाल्लं. "मामा, समोर लाल काय आहे? ते हलतंय ते माणूस आहे का झाड?" तुला माहीतच आहे, तिला उजेड कळतो, मोठे रंग कळतात, बाकी सगळं आपण सांगू तेवढंच. मी सांगत सुटलो, तोंडाला कोरड पडेपर्यंत. अस्वलाचा वेश घातलेल्या माणसाशी तिने हात मिळवला आणि मोठ्याने म्हणाली, "मामा, अस्वल आत खोकतंय, त्याला पाणी दे." लोक हसले, अस्वलसुद्धा हसलं.

मग रोलर कोस्टर. तिला सगळ्यात मोठीच हवी होती, महिनाभर तेच चाललं होतं. खाली उभं राहून तिने गाडी चढतानाचा साखळीचा खट-खट आवाज ऐकला, किंकाळ्या ऐकल्या आणि नाचायलाच लागली. मी वर बघितलं. वीस वर्षं लिफ्टच्या शाफ्टमध्ये लटकून काम केलंय, पण त्या उंचीकडे मला दुसऱ्यांदा बघवलं नाही. तुझी पोर माझ्या भरवशावर होती, ताई. मी तिचा हात धरला, शेजारच्या लहान मुलांच्या गाडीत नेऊन बसवलं आणि म्हणालो, "ही तुझी मोठी गाडी." शिवाय "बाप रे, केवढं उंच!" म्हणून ओरडलोसुद्धा.

उतरल्यावर ती बाकावर बसली, पॉपकॉर्नचा पुडा तसाच मांडीवर. मग म्हणाली, "मामा, खालून ऐकले तेव्हा साठच्या वर खटके होते. आपले अकराच झाले."

लिफ्टमध्ये आकडा दिसत नाही, म्हणून खटके मोजून मजला ओळखायला मीच तिला शिकवलंय. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला मी. म्हटलं, "चुकलं माझं. मी घाबरलो." तिने मान हलवली आणि लगेच विचारलं, "मग ऑपरेशनचं पण असंच आहे का?"

दहावा वाढदिवस झाला की ऑपरेशन होणार आणि सगळं स्वच्छ दिसणार, हे तू तिला ती सहा वर्षांची असताना सांगितलंस. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, यावर ऑपरेशन नाही, आहे ती नजरही हळूहळू कमी होईल. मी तुझ्या शेजारीच बसलो होतो. बाहेर आल्यावर तू माझ्याकडून वचन घेतलंस आणि मीही नंदीबैलासारखी मान डोलावली. आता तो वाढदिवस तीन आठवड्यांवर आलाय. बघायच्या गोष्टींची यादी तिने तोंडपाठ केलीय. पहिला नंबर तुझा चेहरा, दुसरा लिफ्टची मोटर.

मी वचन मोडलं. "हो," म्हणालो. "ऑपरेशन नाहीये."

खूप रडली गं. माझ्या शर्टात तोंड खुपसून, आवाज न करता. बऱ्याच वेळाने नाक पुसून म्हणाली, "आईला माहीत आहे?" मी हो म्हटलं. "मग तिने का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "तिला धीर झाला नाही. मलाही नाही झाला." मोठ्या गाडीत बसूया का, असं मी विचारलं. नको म्हणाली, घरी जाऊया.

तू माझ्यावर चिडशील. चिड. आल्यावर हवं तर दोन थोबाडीत ठेवून दे, लहानपणी द्यायचीस तशा. पण पुढच्या शनिवारी तू आलीस की ती तुला विचारणार आहे. मी पत्र लिहितोय हे तिला सांगितलंय. "लिही," म्हणाली, "पण मला ते आईनेच सांगायचं." तर सांग, ताई. पुढच्या वर्षी बघू, दुसरे डॉक्टर बघू, असलं काही नको.

त्या दिवसापासून ती मला काही विचारत नाही. खिडकीबाहेर काय आहे, दारात कोण आलं, काहीच नाही. मी आपणहून सांगायला जातो. म्हटलं, "खारू, आज आभाळ एकदम निळं आहे." ती म्हणाली, "असेल."

तुला ती असं म्हणायच्या आत तिला खरं सांग. हात जोडतो.

वचन मोडलेला, तरी तुझाच,
धाकटा